सुंगट लावू की ल्यूर टाकू? गोव्यात नव्याने गरी हातात घेणाऱ्यांसाठी

माझं पहिलं ल्यूर (म्हणजे गळ लावलेला नकली मासा) आठव्या कास्टला, म्हणजे आठव्या फेकीला गेलं. शिवोली-चोपडे पुलाच्या बाजूला पाण्यात काहीतरी जुनं लाकूड बुडालेलं होतं, त्यात अडकलं, मी जोर लावला, तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) तुटली, साडेचारशे रुपये शापोरा नदीला अर्पण. आणि पंधरा पावलांवर एक काका तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसलेले, रॉड नाय काय नाय, नुसती बाटलीला गुंडाळलेली तंगूस, त्यांनी तेवढ्या वेळात सुंगटाच्या, म्हणजे कोळंबीच्या तुकड्यावर चार पालू मासे काढले. जाताना मला म्हणाले, "सुंगट घाल रे पुता, प्लास्टिक कोण खातलो?"

मी दोन वर्षं तेच वाक्य धरून बसलो. मग एका डिसेंबरात बेतुलला, साळ नदीच्या तोंडाशी, पाणी इतकं निवळ की खालची वाळू दिसत होती, मी सुंगट लावून दीड तास बसलो आणि केंड (पोट फुगवणारे मासे) येऊन येऊन गळ साफ करून जात होते, तर शेजारचा कॉलेजचा पोरगा एक चमकता स्पून (चमच्यासारखं धातूचं ल्यूर) लांब फेकून भराभर ओढत होता, त्याने तीन कोंकर काढले. म्हणजे काकाही बरोबर आणि पोरगाही बरोबर, चुकीचा होतो तो मी, कारण मी पाण्याकडे न बघता डब्यात जे आहे ते टाकत होतो.

त्यामुळे "आमिष चांगलं की ल्यूर" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठलं पाणी, कुठला मासा, किती वाजता? मी घरातून निघताना ज्या क्रमाने ठरवतो तोच क्रम खाली लिहितोय.

१. आधी मासा ठरवा

सगळे मासे ल्यूर घेत नाहीत, इथेच अर्धा प्रश्न संपतो. काळुंदर शेवाळ, बारीकसारीक कुजकं असं खाणारा मासा, त्याच्यासमोर तुम्ही जपानी मिनो (बारक्या माशासारखं कडक ल्यूर) नाचवा नाहीतर काय पण करा, त्याला मैद्याची नाहीतर पावाची छोटी गोळीच लागते. शेवटो तसाच, तो चिखलावरचं शेवाळ चरणारा. सकाळी पोदेराकडून आणलेला पाव, आतला मऊ भाग पाण्यात किंचित भिजवून मळायचा, त्यात थोडं पीठ, झालं काम. मुडदुशी वाळूत तोंड घालून किडे आणि बारीक सुंगटं शोधते, तिलाही खरं आमिषच. सांगट तर वासावरच जगतो, जितकं वास मारणारं तितकं बरं.

दुसऱ्या बाजूला शिकारी मासे. चोणक (मुंबई-रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तो हाच), तांबसो, कोंकर, गोब्रो, समुद्रात थोडं आत गेलात तर विसवण. हे हलणाऱ्या वस्तूवर झडप घालतात, म्हणून ल्यूरवर येतात. पण लक्षात घ्या, यातला एकही मासा जिवंत सुंगट सोडून देत नाही. म्हणजे आमिषावर सगळे येतात आणि ल्यूरवर फक्त काही मासे. पहिल्यांदाच जाणार असाल आणि रिकाम्या हाताने घरी यायची लाज वाटत असेल तर उत्तर इथेच मिळालं, सुंगटं घ्या.

पालू हा मधला. बारीक ल्यूरवर येतो कधी कधी, पण सुंगट, तिसऱ्या, खेकड्याचा तुकडा यांच्यावर जास्त खात्रीने.

२. पाण्याचा रंग बघा

ही पायरी मला कोणी सांगितली नव्हती आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. ल्यूरला वास नसतो (वासाचा स्प्रे मिळतो, मी एकदा घेतला, गाडीच्या डिकीत सांडला, त्याबद्दल घरात अजून ऐकतो). मासा ल्यूर बघून येतो, नाहीतर त्याच्या थरथरीने येतो. पाणी चहासारखं गढूळ असेल तर तो बघणार काय. अशा वेळी वास चालतो, म्हणजे तारल्याचा तुकडा, बांगड्याची पट्टी, सुंगट.

माझी सोपी पद्धत अशी की ल्यूर काठावरच पाण्यात सोडायचं आणि हळूहळू खाली जाऊ द्यायचं. हातभर खोलीपर्यंत दिसलं तर ल्यूर टाकायला हरकत नाही. वीतभर खाली गेल्यावर गायब झालं तर डबा बंद करा आणि आमिषाची पिशवी उघडा. मधलंच काहीतरी असेल तर मोठं, जास्त थरथरणारं, पांढरं किंवा झगझगीत रंगाचं ल्यूर, आणि ओढायचं एकदम सावकाश.

यावरून वर्षाचा हिशोबही लागतो. जून ते सप्टेंबर मांडवी, जुवारी दोन्ही लाल माती घेऊन वाहतात, तेव्हा नदीत आमिष. पाऊस ओसरून पाणी निवळायला लागलं की ल्यूरचे दिवस सुरू, आणि उन्हाळ्यापर्यंत खाडीच्या तोंडाशी पाणी बऱ्यापैकी साफ मिळतं. एक व्यवहाराची गोष्ट, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणजे बाजारात तारले, बांगडे कमी आणि महाग. मे महिन्यातच स्वस्त तारले घेऊन, मीठ लावून, छोट्या छोट्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये टाका. मीठ लावलेला तारला घट्टही होतो, गळावर टिकतो, नाहीतर एरवी तो इतका मऊ की फेकतानाच अर्धा उडून जातो. फ्रीजरमध्ये ठेवायच्या आधी पिशवीवर लिहून ठेवा बाबांनो, आमच्याकडे एकदा ते तारले हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात गेलेत.

३. भरती-सुकतीची वेळ

साचलेल्या पाण्यात कुठलंच आमिष चालत नाही म्हटलं तरी चालेल. पाणी पूर्ण भरलं की थोडा वेळ थांबतं, पूर्ण सुकलं की परत थांबतं, त्या थांबलेल्या वेळात चहा प्यावा. मासा खातो ते पाणी हलायला लागल्यावर. गोव्यात दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन सुकत्या, आणि वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. तिथीला पाऊणने गुणायचं कोकणातलं जुनं गणित अंदाजापुरतं ठीक आहे, पण इकडेतिकडे होतं, मोबाईलवर भरतीचं टाइमटेबल बघा सरळ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला प्रचंड ओढ. अष्टमीच्या आसपास भांग, ओढ कमी.

आता याचा आमिष-ल्यूरशी काय संबंध? उधाणाच्या ओढीत हलकं शिसं लावलेलं आमिष तळाला राहतच नाही, वाहून कडेला येतं नाहीतर दगडात जातं, मग जड शिसं लावावं लागतं आणि जड शिसं लावलं की बारीक चावा हाताला कळत नाही. नवीन माणसाने भांगाच्या दिवसांत आमिष लावून शिकावं. उलट सुकतीला तिवरांच्या आतलं पाणी बारीक ओहोळांतून बाहेर यायला लागतं, त्याबरोबर सुंगटं, बारकी मासळी बाहेर येते आणि चोणक तोंडाशी येऊन उभा राहतो. तिथे ल्यूर प्रवाहाच्या आडवं टाकून वाहत्या पाण्याबरोबर खाली येऊ द्यायचं. ही वेळ पाऊण तास-तासभराचीच असते, त्यात सुंगट सोलत बसाल तर वेळ गेली.

४. जागा: बसणार की चालणार

आमिषाला एक जागा पुरते. रायबंदरचा बांध, फेरीबोटीच्या धक्क्याची कड (रॅम्पवर नको, बोटीवरचे लोक ओरडतात आणि बरोबरच ओरडतात), मिरामारची वाळू मुडदुशीसाठी. ल्यूरला चालायची तयारी लागते. एका जागी दहा-बारा कास्ट, वेगवेगळ्या दिशेला, काही नाही लागलं की पुढे. दोन तासात किलोमीटरभर किनारा होतो. गुडघे दुखत असतील, सोबत पोरं असतील, वडिलांना घेऊन गेला असाल तर आमिषच लावा आणि गप्पा मारा. ज्याला एका जागी पाच मिनिटं बसवत नाही त्याने ल्यूर घ्यावं, उगाच बसून दर दोन मिनिटांनी गळ वर काढून बघत राहिलात तर आमिषावरही काय मिळत नाही.

दगड, खांब, बुडालेली झाडं असतील तिथे नवशिक्याने तीन-तीन गळांचे दोन झुबके लटकणारं ल्यूर टाकू नये. माझे साडेचारशे आठवा. तिथे एकतर फ्लोटखाली, म्हणजे तरंगणाऱ्या बुचाखाली जिवंत सुंगट सोडा म्हणजे तळाला लागणारच नाही, नाहीतर रबरी मासा असा ओवा की गळाचं टोक रबराच्या आत लपेल.

आणि कुठे जायचं नाही तेही सांगतो. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ मासे भरपूर असतात हे खरं, पण तिथल्या मासळीच्या हक्काची बऱ्याच ठिकाणी पावणी होते, म्हणजे लिलाव, कोणीतरी पैसे भरून तो हक्क घेतलेला असतो. विचारल्याशिवाय गरी टाकू नका, भांडण होईल आणि चूक तुमची असेल. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तिथे नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, खऱ्या, पोस्टरवरच्या नाहीत, त्या बाजूच्या गावांत पौष अमावास्येला मातीची मगर करून पूजतात ती उगाच नाही. तिथे पाण्यात पाय सोडून बसणं, काठावर वाकून मासे धुणं, असले प्रकार करू नका.

५. आमिष लावणार असाल तर

सगळ्यात भारी आमिष म्हणजे जिवंत सुंगट. डोक्यावरचा जो काटा असतो त्याच्या मुळाशी, आत काळा ठिपका दिसतो तो सोडून, गळ आडवा घालायचा, ठिपक्याला लागला की सुंगट मेलं. नाहीतर शेपटीच्या एका पेरातून. ठेवायला बादली आणि बॅटरीवरचा छोटा एअर पंप, पाणी नदीचंच, नळाचं घालू नका, क्लोरीनने मरतात. बादली उन्हात ठेवू नका आणि पन्नास सुंगटं एका बादलीत कोंबू नका, वीस ठेवा, ती तरी जगतील.

मेलेलं सुंगट असेल तर डोकं काढून, शेपटीकडून गळ घालून शरीराच्या बाकाप्रमाणे वळवत आणायचा, टोक बाहेर दिसलं पाहिजे. नवीन लोक टोक पूर्ण लपवतात, मासा हुशार आहे म्हणून. मासा इतका हुशार नसतो, टोक लपलं की तो फक्त फुकट जेवून जातो.

माणकी म्हणजे माकूल, त्याची बोटभर पट्टी कापून एका टोकाला ओवा, चिवट असते, केंड आले तरी लगेच संपत नाही. तिसऱ्या मऊ, त्या बारीक दोऱ्याने गळाला गुंडाळून बांधा. केंड फारच त्रास देत असतील तर जागा बदला, दुसरा उपाय मला अजून सापडला नाही. आणि केंड खायचा नाही, विषारी असतो, कोणी काहीही सांगू दे.

मांडणी साधी ठेवा. तंगूशीत मधून भोक असलेलं शिसं ओवायचं, मग स्विव्हल (फिरती कडी), मग दीड-दोन फुटांची वेगळी तंगूस आणि गळ. शिसं मोकळं सरकतं म्हणून माशाला वजन लागत नाही. गळाचा नंबर बघताना गोंधळ होतो तो असा, साधा नंबर वाढला की गळ लहान होतो, म्हणजे १० नंबर काळुंदरासाठी, आणि पुढे शून्य लावलेला नंबर वाढला की मोठा होतो, म्हणजे ४/० चोणकासाठी. दुकानदाराने "दहा नंबर मोठा" सांगून मला एकदा मुंगीएवढे गळ दिले होते.

आमिषाची एक वाईट बाजू आहे, मासा ते गिळतो. गळ पोटात गेला की मासा सोडून द्यायचा म्हटलं तरी बहुतेक जगत नाही. यावर सर्कल हुक वापरा, त्याचं टोक आत वळलेलं असतं, तो घशातून सरकत येऊन ओठाच्या कोपऱ्यात बसतो. पण मग झटका मारायचा नाही, तंगूस ताणली गेली की नुसतं रीळ फिरवायला लागायचं. सवय लागायला मला महिना लागला, हात आपोआप वर जातो. हे सांगायचं कारण म्हणजे चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे चोणक ते अंडी घालणारे. सात-आठ किलोचा लागला तर फोटो काढून सोडता आला तर बघा. मी दोन सोडलेत, एक खाल्लाय, खोटं कशाला बोलू.

६. ल्यूर टाकणार असाल तर

दुकानात गेलात की डोळे फिरतात, शंभर रंग. पहिल्या दिवशी तीनच वस्तू घ्या.

पहिली, रबरी मासा, शेपूट हलणारा, तीन-चार इंची, आणि त्याचे जिगहेड (शिशाचं डोकं असलेले गळ) पाच ते दहा ग्रॅमचे. सगळ्यात स्वस्त, हरवला तर रडू येत नाही. फेकायचा, तळाला जाऊ द्यायचा, तंगूस सैल पडली की तळ लागला, मग रॉडने हलकं उचलायचं, परत पडू द्यायचं. चावा बहुतेक खाली पडतानाच येतो, म्हणून पडताना तंगूस अगदीच ढिली सोडू नका.

दुसरी, मिनो, तोंडाशी प्लास्टिकची जीभ असलेला, साधारण नऊ-दहा सेंटीमीटरचा, तरंगणारा. जीभ जितकी लांब तितका तो ओढल्यावर खोल जातो, आपल्याला आखूड जिभेचा पुरे. तरंगणारा अशासाठी की काही लागलंय असं वाटलं तर ओढणं थांबवा, तो आपोआप वर येतो आणि सुटतो. चोणकाला सारखं ओढायचं नाही, दोन-तीन गिरक्या, मग थांबा, मनात एक-दोन म्हणा, परत दोन गिरक्या. त्या थांबण्यातच तो येतो.

तिसरी, वीस-तीस ग्रॅमचा स्पून किंवा धातूचा जिग, किनाऱ्यावरून आणि जेटीवरून लांब फेकायला. कोंकराला भरभर ओढलेलं आवडतं, चोणकाच्या अगदी उलट.

पॉपर (पाण्यावर आवाज करत ओढायचं ल्यूर) नंतर. तो पाण्यावर धबाधब करतो आणि मासा उसळून येतो ते बघायला लई मजा येते, पण सकाळ-संध्याकाळच्या अर्ध्या तासातच बहुतेक चालतो, आणि मासा येऊन चुकला की नवशिक्याचं अवसान जातं.

तांबसो लागला तर एकच गोष्ट लक्षात ठेवा, तो घास घेऊन थेट दगडात नाहीतर मुळांत पळतो, पहिले पाच सेकंद जे काय ते. रीळचा ड्रॅग (दोरी सुटण्याचा ब्रेक) आधीच घट्ट ठेवा, तिथे लाड करत बसू नका.

ल्यूरचा खर्च एकदाच होतो असं लोक म्हणतात. होतो की, हरवेपर्यंत. आमिष दर वेळी शंभर-दोनशेचं, ल्यूर एकदा चारशेचं, आता तुम्ही किती हरवता त्यावर हिशोब करा.

७. एकच रॉड घ्यायचा असेल तर

दोन्हीला चालेल असा साडेसात-आठ फुटी मध्यम रॉड, ३००० ते ४००० साइजचं रीळ. रीळवर वेणीची दोरी म्हणजे ब्रेड, वीस पाउंडाच्या आसपास, आणि पुढे दोन हात लांबीची जाड तंगूस तीस-चाळीस पाउंडाची लीडर म्हणून, कारण चोणकाच्या गालफडाची कड धारदार असते, बारीक दोरी सुरीसारखी कापते. तुमच्या बोटांनाही कापते, गालफडात हात घालताना जपून. ब्रेड आणि लीडर जोडायची गाठ घरी टीव्हीसमोर बसून वीस वेळा मारा, काठावर वाऱ्यात शिकायची ती गोष्ट नाही.

८. माझा स्वतःचा दिवस कसा जातो

पहाटे पोचलो की आधी ल्यूर, उजेड फुटायच्या वेळी, तासभर. चालत चालत कुठे बारकी मासळी उडतेय, कुठे पाण्याला वळसा आहे ते दिसतं. ऊन चढलं, हात दुखायला लागले की त्यातल्याच एका जागी सुंगट लावून बसायचं. सुरुवातीच्या सहा महिन्यांत मात्र उलटं करा, तीन भाग आमिष आणि एक भाग ल्यूर, कारण आमिषावर चावे जास्त येतात, आणि चावा कसा लागतो, केंड कसा कुरतडतो, पालू कसा दोनदा ठोकतो, सांगट कसा नुसता ओढत नेतो, हे हाताला कळल्याशिवाय ल्यूरवर काय झालं ते समजतच नाही.

सांगट निघाला तर पकड घेऊनच गळ काढा, पाठीवरचा आणि दोन बाजूंचे काटे विषारी. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, ठणका कमी होतो, आणि मग डॉक्टरकडे. ल्यूरच्या तीन तोंडी गळांच्या उलट्या नोका पकडीने आधीच चेपून ठेवा, माझ्या अंगठ्यात एक गेला होता, ओपीडीत सगळे त्या ल्यूरकडे बघायला आले. पावसाळ्यात दगडांवर, काब द रामसारख्या ठिकाणी तर अजिबात उतरू नका, तिथे आमिष-ल्यूर हा प्रश्नच येत नाही.

घरी आल्यावर ल्यूर गोड्या पाण्यात धुवून वाळवा, नाहीतर पुढच्या रविवारी गळ गंजलेले. उरलेली सुंगटं दिवसभर उन्हात राहिली असतील तर परत फ्रीजरमध्ये नको, टाका. तुटलेली तंगूस खिशात घालून आणा, धक्क्यावर टाकली की बगळ्यांच्या पायात जाते. आणि रबरी मासे त्यांच्या मूळ पिशवीतच ठेवा, कडक प्लास्टिकच्या ल्यूरबरोबर एका कप्प्यात टाकू नका, रबर त्याचा रंग विरघळवतं, माझ्या डब्यात अजून एक हिरवा-गुलाबी गोळा चिकटून बसलाय, त्यात दोन गळ आहेत आणि एक डोळा.